आडगावच्या गोदामात नाटकाची तालीम: आवाज आत घुमतो आणि बाहेरही फुटतो, काय करावं?

रंगपट्टी | १२ एप्रिल, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आम्ही तिघी मैत्रिणींनी नाशिकच्या आडगावला, महामार्गापासून थोडं आत, ट्रान्सपोर्टचं एक जुनं गोदाम भाड्यानं घेतलंय. हौशी नाटकांच्या तालमी, सुट्टीत मुलांची शिबिरं, महिन्यातून दोनदा सत्तर-ऐंशी माणसांपुढे छोटा प्रयोग आणि कोपऱ्यात चहा-कॉफी. गोदाम ८० बाय ४० फूट, उंची २२ फूट. दहा फुटांपर्यंत विटांची भिंत, त्यावर पत्रा, छप्परही पत्र्याचंच. खाली ट्रिमिक्स, म्हणजे गुळगुळीत काँक्रीटची जमीन. पुढे मोठं शटर. डोक्यावर चार टर्बो व्हेंटिलेटर गरगरत असतात.

जागा बघायला गेलो तेव्हा ती रिकामी होती आणि मी हौसेनं एक स्वगत म्हणून पाहिलं. काय भारदस्त वाटला होता माझा आवाज! तिथेच फसले. आता दोन पात्रं एकमेकांशी बोलायला लागली की तिसऱ्या रांगेत नुसता गलबला ऐकू येतो. आणि परवा मागच्या रो हाऊसमधले काका रात्री साडेदहाला येऊन म्हणाले, "ताई, तुमचा दुसरा अंक आम्हाला पाठ झालाय." आत बसलेल्यांना कळत नाही आणि बाहेरच्यांना पाठ, असा प्रकार.

'साउंडप्रूफिंग करून देतो' म्हणत एक गृहस्थ आले. त्यांनी मागच्या भिंतीवर दोन इंची, टोकं-टोकंवाला काळा स्पंज चिकटवून दिला. फरक शून्य, ना आत ना बाहेर. ते म्हणतात उरलेल्या तीन भिंतींनाही लावला की होईल. लावू का? पावसाळा दीड-दोन महिन्यांवर आलाय. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की काय होईल याचा विचारही करवत नाही.

तर्री | १२ एप्रिल, रात्री १०:४१

अंड्याचे ट्रे लावा. उरलेल्या अंड्यांचं ऑम्लेट प्रेक्षकांना मध्यंतरात. (ह. घ्या.)

सातपूरकर | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

तर्री, हलकेच घेतलं, पण निम्मं गाव हे खरं मानून चालतं. पुठ्ठ्याचा ट्रे आवाज अडवत नाही आणि नीट शोषतही नाही. उंदरांची सोय मात्र होते.

ताई, मी तीस वर्षं एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये काढली, त्यातली निम्मी कॉम्प्रेसर आणि प्रेसच्या आवाजाशी भांडण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या जागेला दोन वेगवेगळे रोग आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध शोधताय.

आवाज आत घुमतो, कारण पत्रा, वीट आणि काँक्रीट त्याला परत फेकतात. त्याला जाड, मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. आवाज बाहेर फुटतो, कारण भिंत हलकी आहे आणि फटी आहेत. तिथे वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. कापूस पाणी शोषतो म्हणून कोणी कापसाचं धरण बांधत नाही. आपलं गंगापूर धरण मातीचं आहे.

तुमचा पत्रा फार तर अर्धा मिलिमीटर. म्हणजे चौरस मीटरला चार किलो. नऊ इंची विटेची भिंत प्लास्टरसकट चारशे किलोच्या वर जाते. वजन दुप्पट झालं की ढोबळमानानं पाच-सहा डेसिबल जास्त अडतात. चारचे चारशे होईपर्यंत किती दुपटी होतात ते मोजा. त्या पत्र्याला आतून स्पंज लावून वजन किती वाढलं? पावशेर.

एक काम करा. भर दुपारी शटर पाडा, दिवे घालवा, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि चारी बाजूंना बघा. जिथून उजेड येतो तिथून आवाज जातो. मग इथे येऊन सांगा.

रंगपट्टी | १३ एप्रिल, दुपारी ३:२०

काका, आत्ताच करून आले. शटरच्या दोन्ही बाजूंना आणि खाली उजेड दिसेल अशी अपेक्षा होतीच. पण मागच्या बाजूला, जिथे भिंतीचा पत्रा छपराला भेटतो, त्या वळचणीला या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाची रेघ! शिडी लावून पाहिलं. दोन इंचाची फट, अख्खी ८० फूट. आणि टर्बोच्या भोकांतून तर चक्क ऊन खाली पडतंय.

ध्वनिवेडी | १३ एप्रिल, रात्री ९:०५

मूळची नाशिकची, आता पुण्यात ध्वनिरचनेचंच काम करते. सातपूरकर काकांनी पाया घालून दिलाय, मी त्यावर आकडे ठेवते.

आधी ती फट. ८० फूट लांब, दोन इंच रुंद, म्हणजे सव्वा चौरस मीटर. मागची भिंत साधारण १६३ चौरस मीटर. म्हणजे फट भिंतीच्या पाऊण टक्का. एवढीशी? पण या पाऊण टक्क्यामुळे ती भिंत २१ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही, मग उरलेला भाग संगमरवराचा बांधा नाहीतर सोन्याचा. एक टक्का उघडं असेल तर मर्यादा २०. म्हणून पैसा खर्च करायचा तर पहिला रुपया फटींवर.

आता घुमणं. हे शास्त्र ज्या माणसानं उभं केलं त्याची अडचण अगदी तुमच्यासारखीच होती. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि तिथे प्राध्यापकाचं बोलणं कोणाला कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद हवेत रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण अध्यापकाकडे ते काम आलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. गाद्या वाढवल्या की वेळ किती घटतो, यातून त्यानं सूत्र काढलं: जागेचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण.

तुमचं घनफळ जवळपास २००० घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून १०८५ चौरस मीटर, आणि ते पडलेल्या आवाजापैकी सरासरी पाच टक्केच गिळतात असं धरलं तर शोषण ५४ चौरस मीटर. उत्तर येतं सहा सेकंद. सॅबिनच्या व्याख्यानगृहापेक्षा वाईट! संवाद स्पष्ट कळायला हा वेळ दीड सेकंदाच्या आत हवा, एक-सव्वा असेल तर उत्तम.

एक माणूस अंदाजे अर्धा चौरस मीटर शोषण देतो. ८० प्रेक्षक आले की ५४ चे ९४ होतात आणि वेळ साडेतीन सेकंदांवर येतो. म्हणून प्रयोगापेक्षा तालमीत जास्त त्रास होत असणार. बरोबर ना?

रंगपट्टी | १३ एप्रिल, रात्री ९:३०

अगदी! आम्ही समजत होतो प्रयोगाच्या दिवशी कलाकार जोशात असतात म्हणून बरं ऐकू येतं.

ध्वनिवेडी | १३ एप्रिल, रात्री ९:५२

जोशानं उलट बिघडतं. घुमणाऱ्या जागेत माणूस आपसूक आवाज चढवतो, शेजारचा त्याच्यावर चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये हे टिपलं होतं, त्याच्याच नावानं ओळखलं जातं. तुमच्या चहाच्या कोपऱ्यात मध्यंतराला बाजार भरतो तो यामुळेच.

खिडकीबंद | १४ एप्रिल, सकाळी ११:१०

छान चाललंय. आत कसं गोड ऐकू येईल यावर इतके प्रतिसाद, आणि बाहेरचे?

मी पाथर्डी फाट्याकडे राहतो. आमच्यामागे एका जुन्या शेडचा हॉल झालाय. नाव घेत नाही. शनिवारी रात्री साखरपुडा असो की बारसं, आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी वाजते. तक्रार केली की मालक मोबाइलवर मीटर दाखवतो, "बघा काका, पंचावन्नच." आणि मीटर खरंच पंचावन्न दाखवतं! मग आमची मांडणी काय भुतं वाजवतात?

टिपरू | १४ एप्रिल, दुपारी १:२५

काका, भुतं नाहीत, मीटर अर्धवट ऐकतं. मी दहा वर्षं ढोल पथकात होतो, सरावाच्या जागेसाठी अर्धं नाशिक पालथं घातलंय, म्हणून हा अभ्यास नाइलाजानं झाला.

कायद्यातले डेसिबल 'ए' मापानं मोजतात. माणसाच्या कानाला खर्जातला आवाज कमी जाणवतो, म्हणून हे माप खर्ज कापून टाकतं. ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा. ढोलाचा थाड आणि डीजेचा धपधप नेमका तिथे राहतो. म्हणजे मीटर ५५ म्हणतं तेव्हा खर्ज प्रत्यक्षात ऐंशीच्या घरात असू शकतो. तो कानापेक्षा खिडकीला आणि मांडणीला आधी कळतो. पुढच्या वेळी 'सी' मापावर मोजायला सांगा. बऱ्याच मीटरांत तेवढं एक बटण असतं.

त्या लाटेची लांबी साडेपाच मीटर. दोन इंची स्पंज तिच्यापुढे म्हणजे हत्तीपुढे मच्छरदाणी. आम्ही शेवटी शेड शोधणंच सोडलं आणि वस्तीबाहेर मोकळ्या मैदानावर गेलो.

रंगपट्टी ताई, नाटकात संवादच असतात, त्यामुळे तुमचं काम यामानानं सोपं. फक्त कोणी 'शिवजयंतीला सरावाला जागा द्या' म्हणत आलं तर नाही म्हणा. मीही आलो तरी.

कज्जेदलाल_निवृत्त | १४ एप्रिल, सायंकाळी ५:४०

नियमांचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. मर्यादा औद्योगिक भागात दिवसा ७५, रात्री ७०; व्यापारी ६५ आणि ५५; निवासी ५५ आणि ४५; शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी जागेतली ध्वनियंत्रणा असेल तर जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वाढ चालत नाही. रात्री दहानंतर स्पीकर आणि वाद्यं बंद. सूट आहे ती सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या आत ऐकू येण्यापुरती.

आता ८० फुटांची उघडी फट असलेल्या गोदामाला 'बंद जागा' म्हणायचं की नाही, यावर वाद घालायला मला आवडेल. तुम्हाला परवडणार नाही.

कांदाचाळ | १४ एप्रिल, रात्री ८:१५

आमच्याकडे निफाडला पॅकहाऊसमध्ये ग्रेडिंग मशीनचा कल्ला असतो. आम्ही गोणपाटाच्या पोत्यांत भाताचा पेंढा भरून भिंतीला टांगला. फरक पडला बुवा. खर्च जवळपास काही नाही. ताईंनी करून बघावं.

ध्वनिवेडी | १४ एप्रिल, रात्री ८:४०

शोषण म्हणून पेंढा वाईट नाहीच, फरक पडला असणार. पण कृपया करू नका. नाटकाच्या जागेत दिवे तापतात, वायरी असतात, ऐंशी माणसं असतात आणि बाहेर पडायला एक शटर असतं.

आणि त्या काळ्या स्पंजाबद्दल मला पहिल्याच दिवशी बोलायचं होतं. तो बहुतेक पॉलियुरेथेन फोम आहे. कोपऱ्यातला एक तुकडा कापून बाहेर मोकळ्या जागी काडी लावून बघा. भडकला आणि थेंब थेंब वितळत काळा धूर सोडला तर दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा सगळा उतरवा. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या स्टेशन नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणगीनं भिंतीवरचा असाच फोम पेटला, १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात किस नाइटक्लबमध्ये तेच, २४२. आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिलच्या आवारात १४ जण गेले. तिथे हा फोम नव्हता, पण गच्चीवर पेटणारं छत होतं आणि गिरणीच्या जागेचीच नवी वापरणूक होती. कामाची चौकशी करायला कोणी आलं की मी आधी हे तिन्ही सांगते. काहीजण परत फोन करत नाहीत.

त्याऐवजी रॉकवूल घ्या. दगड वितळवून काढलेली लोकर, पेटत नाही. ५० मिमी जाड, ४८ घनतेची (घनमीटरला ४८ किलो) पाटी आवाजाच्या मधल्या पट्टीत ८०-८५ टक्के गिळते. भिंतीला चिकटवण्यापेक्षा मागे दोन-चार इंच पोकळी ठेवली तर खालची पट्टीही थोडी पकडते. तंतू उडू नयेत म्हणून वर कापड. कापड कसं निवडायचं? तोंडाशी धरून फुंकर मारा. आरपार गेली तर आवाजही जाईल. गोणपाट यात उत्तम, कांदाचाळ यांना तेवढे गुण. पण आग-रोधक द्रावणात बुडवून घेतलेलं हवं.

पर्लिन | १५ एप्रिल, सकाळी ९:३०

कोणी खाली जिप्समचं फॉल्स सिलिंग करा म्हणायच्या आत बोलतो, नंतर उशीर होतो.

बारा मिमी जिप्सम, लोहपट्ट्या आणि लोकर धरून चौरस मीटरला १२ ते १५ किलो. तुमचं छप्पर ३०० चौरस मीटर. चार टन वजन झालं! जुन्या गोदामाचा ट्रस (छप्पर पेलणारा लोखंडी सांगाडा) पत्रा, वारा आणि वर चढणारा एखादा माणूस एवढंच धरून बांधलेला असतो. संरचना अभियंत्यानं बघितल्याशिवाय त्याला पंख्याशिवाय काही टांगू नका. अशी एक जागा मी बघितलीय जिथे ट्रसचा खालचा पट्टा डोळ्यांना दिसेल इतका वाकला होता आणि खाली माणसं कॉफी पीत होती.

ध्वनिवेडी | १५ एप्रिल, सकाळी १०:१०

पर्लिन, शंभर टक्के. म्हणून उभ्या लटकत्या पाट्या. चार बाय दोन फुटांची एक पाटी चौकटीसकट तीन किलोच्या आसपास भरते, आणि दोन्ही बाजूंनी शोषते, म्हणजे त्याच मालात दुप्पट काम. ७० पाट्या म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलो, तेही सगळ्या ट्रसवर वाटून. तरी अभियंत्याला दाखवाच.

७० पाट्यांचं शोषण ८८ धरते. रंगमंचासमोरच्या मागच्या भिंतीला ४० फूट रुंद, १२ फूट उंच, भरपूर चुण्यांचा जाड पडदा, त्याचे २२. मूळचे ५४. एकूण १६४. रिकाम्यात दोन सेकंद, भरल्यावर दीडच्या जवळ. उत्तम नाही, पण नाटक कळेल. शिवाय शोषण तिप्पट झाल्यानं आतला एकूण कल्लाही पाचेक डेसिबल उतरतो, तेवढा बाहेरही कमी जातो. शेजाऱ्यांना यातून मिळणारा फायदा इतकाच, काकांनी आधी सांगितलंच आहे.

सातपूरकर | १५ एप्रिल, दुपारी १२:००

मोजून झालं असेल तर कामाचा क्रम सांगतो. वळचणीची फट आधी. पत्र्याच्या नळ्यांच्या आकाराचे फिलर मिळतात, पण नुसत्या फिलरवर थांबू नका, आतून सिमेंट शीटची पट्टी मारा आणि कडा सिलंटनं बंद करा. मागच्या बाजूचा वरचा पत्रा आहे त्याला हात लावू नका. आतून चार इंच सोडून वेगळ्या उभ्या फ्रेमवर सिमेंट बोर्ड, मधल्या पोकळीत लोकर. दोन पडदे, मध्ये हवा. तेवढ्याच वजनाच्या एका जाड पडद्यापेक्षा हे जास्त अडवतं. फ्रेम पत्र्याला टेकली की सगळं मुसळ केरात. फक्त मागच्या बाजूला करा, महामार्गाच्या बाजूला ट्रकच इतके ओरडतात की तुमचं कोण ऐकतंय.

टर्बोपैकी मागचे दोन बंद. पुढच्या दोघांना आतून लोकर लावलेली, एक वळण घेतलेली पेटी. हवा वळते, आवाज वळताना मार खातो. पूर्ण बंद करू नका, मे महिन्यात प्रेक्षक उकडून निघतील.

आणि रंगमंच फिरवा. फुकटचं काम आहे. सध्या स्पीकर रो हाऊसकडे तोंड करून आहेत ना?

रंगपट्टी | १५ एप्रिल, दुपारी १२:२५

...आहेत. आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

तर्री | १५ एप्रिल, दुपारी १२:३१

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या बायकोला वाटतं मी इथे टाइमपास करतो.

रंगपट्टी | ३ जुलै, रात्री ११:०५

मंडळी, उशिरा का होईना, वृत्तांत.

स्पंजाचा तुकडा पेटवून पाहिला. काडी लागताच भपकन. दुसऱ्या दिवशी सगळा खरवडून काढला. चिकटवलेला गोंद निघायला चार दिवस गेले आणि आमच्यातली एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

अभियंत्यानं ट्रस पाहिला, दोन ठिकाणी गंजलेले जोड वेल्ड करायला लावले, मग पाट्यांना परवानगी दिली. पैशांअभावी ७० ऐवजी ५६ च बसल्या. पडदा आहे. फुगा फोडून मोबाइलवर मोजलं: रिकाम्यात सव्वादोन सेकंदांच्या आसपास. पहिल्या तालमीला सगळे इतके हळू बोलायला लागले की दिग्दर्शिकेला ओरडावं लागलं. गंमत म्हणजे मला स्वतःला जागा जरा मेल्यासारखी वाटली. स्वगतातला तो भारदस्तपणा गेला. दोन दिवसांनी सवय झाली.

रंगमंच फिरवला, वळचण बुजवली, मागच्या बाजूचं दुपदरी काम अर्धंच झालंय, रो हाऊसच्या समोर येतो तेवढा भाग.

पावसाचं मात्र काही जमलं नाही. जूनच्या शेवटच्या शनिवारी पहिल्या अंकात सर आली आणि पत्र्यानं संपूर्ण नाटक खाल्लं. पंधरा मिनिटं थांबलो, चहा दिला, मग पुढे सुरू केलं. कोणी उठून गेलं नाही.

पर्लिन | ४ जुलै, सकाळी ८:४५

पावसाचं कारण वेगळं आहे. थेंब पत्र्याला हाणतो आणि पत्राच पडघमासारखा वाजतो. लटकत्या पाट्यांनी तो घुमणं थांबेल, वाजणं थांबणार नाही. पत्र्याच्या खालच्या अंगाला घट्ट चिकटणारा डांबरी थर हवा, म्हणजे पत्रा थरथरत नाही. पत्रा बदलायचा योग आला तर खाली जाळी आणि लोकर टाकून मग नवा पत्रा. अख्खं छप्पर झेपत नसेल तर रंगमंच आणि पहिल्या चार रांगांवरचा भाग तेवढा करा. पण हे काम कोरड्यात, दिवाळीनंतर.

खिडकीबंद | ४ जुलै, सकाळी १०:२०

मागचे काका काय म्हणतात ते सांगा. मला तेवढंच वाचायचंय.

रंगपट्टी | ४ जुलै, रात्री ९:१५

दुसरा अंक आता ऐकू येत नाही म्हणाले. पण म्हणे, "पावणेअकराला तुम्ही शटर पाडता ना, त्यानं नातू दचकून उठतो." आधी संवादांच्या गोंगाटात त्याकडे लक्षच गेलं नव्हतं त्यांचं.

सातपूरकर | ५ जुलै, सकाळी ६:४०

शटर दहाच्या आत पाडून टाका आणि नंतरची ये-जा बाजूच्या छोट्या दारानं ठेवा. नसेल तर पाडून घ्या, तसंही आगीसाठी दुसरं दार हवंच. शटरच्या दोन्ही गाईडमध्ये घासणारी नायलॉनची पट्टी मिळते ती बसवा, तळाला रबर मारा. ग्रीस कोरडं झालं असणार, जुनं पुसून नवं लावा. आणि पाडणाऱ्याला सांगा, शेवटचे दोन फूट हातानं धरून सोडायचं. आमच्याकडे नाइट शिफ्टला हे शिकवायला एक वर्ष लागलं होतं.